नव्या कंपनीच्या गेमवर रीतसर नाराज कसे व्हावे

सोलापुरातल्या गेमप्रेमींना नाराज होण्याची हौस दांडगी, शिस्त मात्र नाही. गेम डाउनलोड झाल्यावर, खेळून बघून नाराज होणे हा नवशिक्यांचा प्रकार. जाणकाराने गेम बाजारात येण्याच्या चार महिने आधीच तो कशाचा पुढचा भाग आहे हे ठरवून टाकावे, आणि ठरवताना बनवणाऱ्याला अजिबात विचारू नये. ‘फौजी’ या मोबाइल गेमच्या बाबतीत देशाने हे काम आदर्श रीतीने केले. 2 सप्टेंबर 2020 रोजी केंद्र सरकारने 118 ॲपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल हा गेमही गेला. दोनच दिवसांनी अक्षय कुमारने फौजीची घोषणा केली. गेम बंगळुरूच्या एनकोर कंपनीचा. तिच्यामागे विशाल गोंडल, म्हणजे मुंबईत इंडियागेम्स ही गेम कंपनी उभी करणारे गृहस्थ. हा पबजीला पर्याय नाही, असे कंपनी सांगत राहिली. कुणी ऐकले नाही, हे योग्यच झाले. ऐकले असते तर पुढच्या निराशेचा पायाच खचला असता.

26 जानेवारी 2021 ला गेम आला. गलवान खोरे, एकटा जवान, हाणामारी हातांनी आणि दांडक्यांनी. बंदूक नाही, स्क्वाड नाही, पबजीसारखे विमानातून उड्या मारणारे शंभर जण नाहीत. प्ले स्टोअरवरचे रेटिंग काही दिवसांत तीनच्या आसपास उतरले. इथे अभ्यासकाने एक गोष्ट टिपून घ्यावी. तक्रारींचा मोठा भाग गेममध्ये काय नाही याविषयी होता. जे होते त्यावरही बोलण्यासारखे पुष्कळ होते: तेच ते शत्रू, तेच ते ठोसे, जखमी झाले की शेकोटीपाशी बसून ताजेतवाने होणे. पण अशी टीका करायला गेम पुरता खेळावा लागतो. नसलेल्या गोष्टींची यादी पहिल्या पाच मिनिटांत तयार होते, म्हणून एक स्टार देणाऱ्याने तीच पसंत करावी.

यावर कुणी म्हणेल, अपेक्षा काय आम्ही हवेतून काढल्या? बंदीनंतर दोन दिवसांत घोषणा करायची आणि वर आम्ही त्यातले नव्हेच म्हणायचे, हा कुठला न्याय? आक्षेप रास्त आहे, पण नाव चोरणे वेगळे आणि जागा साधणे वेगळे. पानिपतच्या मागावरची चादर ‘सोलापुरी’ म्हणून विकली जाते तेव्हा विकणारा सरळ नाव चोरतो. म्हणून तर सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन लागले, आणि चाटी गल्लीतले जुने गिऱ्हाईक आजही चादर उलटीसुलटी करून, हातात तोलून घेते. फौजीने पबजीचे नाव घेतले नाही, रिकामी झालेली जागा तेवढी साधली. तेव्हा निम्मा दोष कंपनीचा. उरलेला निम्मा, घडी न उलगडता चादर घेणाऱ्याचा.

दुसरा आक्षेप अधिक पक्का वाटतो: नवखी कंपनी होती म्हणून फसले, मूळ मालकाने केले असते तर प्रश्नच नव्हता. मूळ मालकाने केलेच की! क्राफ्टनने 2 जुलै 2021 ला बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया आणले. एरंगेलचा नकाशा तोच, त्यातली पोचिंकी तीच, बंदुका त्याच, जुन्या खात्यातले सामानही नव्यात आणता येत होते. तरी नाराजीला जागा सापडलीच: रक्त हिरवे झाले, ‘किल’चे ‘फिनिश’ झाले, अठराखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा आली. म्हणजे कंपनी बदलो वा न बदलो, फरक थोडाच. मोजमाप होत होते ते 2020 च्या टाळेबंदीतल्या रात्रींशी, जेव्हा कॉलेज बंद होते आणि स्क्वाडमधले चौघेही मोकळे होते. त्यातले दोघे हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला नोकरीला गेले, की क्राफ्टनने कितीही नकाशे दिले तरी गेम ‘पहिल्यासारखा’ राहत नाही. हे कारण रिव्ह्यूमध्ये मात्र लिहू नये. तिथे सर्व्हर आणि ग्राफिक्सला नावे ठेवावीत.

आता फौजीचा पुढचा अवतार ‘डॉमिनेशन’ आला आहे. बनवणारी कंपनी डॉट नाइन, प्रकाशक मुंबईची नझारा. त्यात पाच विरुद्ध पाच सामना आहे, बंदुका आहेत, म्हणजे सर्वांत भरवशाची जुनी तक्रार बाद झाली. होतकरूंनी खचून जाऊ नये. पाचच का, शंभर का नाहीत, इथून सुरुवात करता येईल.