शहाणपण : 8

टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिका-खेळात खेळाडू आधी स्वतःचे पात्र घडवतो. या प्रकारातला आद्य खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 1974 साली काढला. त्यात पात्राचे सहा गुण मोजतात : ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप. बुद्धी वेगळी आणि शहाणपण वेगळे, हे पुण्यात जरा समजावून सांगावे लागते.

पूर्वी तीन फासे टाकून पडेल तो आकडा निमूट घ्यावा लागे. पुढे नशिबाच्या जोडीला हिशेब आला. 2014 च्या पाचव्या आवृत्तीतल्या एका पद्धतीत 27 पॉइंट मिळतात. प्रत्येक गुण 8 पासून सुरू होतो. 13 पर्यंत पायरीमागे एक पॉइंट, त्यापुढे दोन. 15 च्या वर विकत मिळत नाही. तीन गुण 15 वर नेले की सत्तावीसच्या सत्तावीस पॉइंट संपतात आणि उरलेले तीन गुण 8 वर राहतात. प्रस्तुत लेखकाने नेमके हेच केले : बुद्धी, चपळाई आणि छाप 15. पात्र काल्पनिक असावे अशी अपेक्षा असते. लेखकाने ते आरशात बघून भरले. शहाणपणाची त्याला त्या वेळी गरज वाटली नाही.

या गुणांवर 18 कौशल्ये उभी असतात. मन वळवणे छापेवर, समोरच्याचे मन ओळखणे शहाणपणावर. पहिल्या पातळीला 15 छापेचे 2 आणि शिकलेल्या कौशल्याचे 2 असे 4 वीस पैलूंच्या फाशात मिळवायचे. बेरीज 15 झाली की मध्यम अवघड काम फत्ते, म्हणजे निम्म्या वेळा. एवढ्या भांडवलावर लेखकाच्या पात्राने एका ड्रॅगनकडून त्याचीच गुहा पागडीने घेतली.

महात्मा फुले मंडईत हे गणित चालत नाही. तिथे विक्रेते उंच ओट्यावर बसतात. मान वर करून घासाघीस करणाऱ्याचे निम्मे अवसान तिथेच गळते. उरलेले ‘घ्यायचं तर घ्या’ या तीन शब्दांत जाते. लेखकाने मेथीपासून सुरणापर्यंत सर्वत्र प्रयत्न केले. एकदा कोथिंबिरीच्या चार काड्या फुकट मिळाल्या, त्याही मागच्या बाईंच्या होत्या. लेखकाला तेवढा एक दिलासा आहे, की या वास्तूपुढे थोरांचेही चालले नव्हते. नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुल्यांनी तिच्या खर्चाला विरोध केला होता. तरी अष्टकोनी मनोऱ्याची ही इमारत 1886 मध्ये गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने उभी राहिलीच, आणि पुढे तिला नाव दिले गेले ते फुल्यांचे. असा निकाल कोणत्याही फाशात पडत नाही. (स्वतःची तुलना थेट फुल्यांशी करायला छाप 15 लागते.)

इतर खेळांचे नियम वेगळे. 1986 च्या ‘गर्प्स’मध्ये दोष पत्करले की पॉइंट मिळतात, लेखकाला हा खेळ फायद्याचा वाटतो. 1978 च्या ‘रूनक्वेस्ट’मध्ये जे कौशल्य वापराल तेच वाढते, आणि जितके वाढलेले तितके पुढे वाढणे अवघड. ओट्यावरच्या बायकांची घडण या जातीची.

त्यांतल्या एका मावशींकडून लेखकाच्या आई वर्षानुवर्षे अंबाडी घेत. आई गेल्यावर लेखक पहिल्यांदा एकटाच गेला आणि सवयीने अख्खी जुडी मागितली. कोणी त्यांना काही सांगितले नव्हते. मावशींनी पिशवीकडे पाहिले, मग तोंडाकडे, आणि जुडी सोडून निम्मी ठेवून घेतली. ‘एवढी आता कोण खाणार, दादा?’ पैसेही निम्मेच घेतले. निम्म्या पैशांत लेखकाने मंडईत केलेली ही एकमेव खरेदी. त्या दिवशी भाव करायचे त्याला सुचले नव्हते.

पात्र नव्याने भरता येते. लेखकाने शहाणपण 15 केले. त्याला 9 पॉइंट गेले. उरलेल्या 18 मध्ये छाप 15 आरामात बसते. ती कमी केलेली नाही.