काठोकाठ शार्प

शार्पनेसवाला गृहस्थ छायाचित्र बघत नाही, तपासतो. फोटो कॉम्प्युटरवर उघडला की तो आधी शंभर टक्के झूम करतो आणि थेट डाव्या वरच्या कोपऱ्यात शिरतो. मध्यभागी बायको, मुले आणि कासच्या पठारावरची फुले असतात. ती सवडीने पाहता येतात. कोपऱ्यातल्या झाडाची पाने मात्र मोजता आली पाहिजेत. नाही आली, तर लेन्स ‘सॉफ्ट’ असल्याचा निकाल लागतो आणि घरात दोन दिवस कोणी मोठ्याने बोलत नाही.

या जातीची सुरुवात निरुपद्रवी असते. कॅमेऱ्यासोबत आलेल्या १८-५५च्या किट लेन्सवर गृहस्थ वर्षभर सुखी असतो. मग कोणीतरी ५० एमएमची प्राइम लेन्स वापरायला देतो आणि संसाराची घडी विस्कटते. कारण फरक खरा असतो. झूम लेन्सला अनेक फोकल लेंग्थ सांभाळायच्या असतात, म्हणून प्रत्येक ठिकाणी थोडी तडजोड आलीच. प्राइमला एकच काम. स्वस्त झूममध्ये कडेचे किरण एका बिंदूत नीट येत नाहीत, आणि आभाळासमोरच्या फांद्यांना जांभळी किनार लागते. ती किनार एकदा दिसली की आयुष्यभर दिसते.

पुढची पायरी सेन्सरची. फुल फ्रेम ३६ बाय २४ मिलिमीटर, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. एपीएस-सी त्याच्या निम्म्याहूनही कमी. मुलांच्या इयत्ता चुकतील, हे आकडे चुकत नाहीत. तेवढ्याच आकाराच्या प्रिंटसाठी लहान सेन्सरवरची प्रतिमा जास्त मोठी करावी लागते, आणि तिच्याबरोबर लेन्सचे दोषही मोठे होतात. शिवाय २४ मेगापिक्सेल फुल फ्रेमवर बसवले तर एकेक पिक्सेल सुमारे ६ मायक्रॉनचा, एपीएस-सीवर सुमारे ४चा. तो बारकावा भरायला लेन्सही तितकी काटेकोर लागते. संध्याकाळी मोठा सेन्सर एकूण प्रकाश जास्त गोळा करतो, त्यामुळे नॉइज कमी, आणि नॉइज पुसताना बारकावेही पुसले जाण्याची वेळ कमी येते. हे सगळे तो बरोबर सांगतो. त्याला टाळणे अवघड जाते ते यामुळेच. खोडून काढायला काही सापडत नाही.

छिद्राच्या बाबतीत तो सोवळे पाळतो. पूर्ण उघडी लेन्स कडांना ढिली पडते, म्हणून एफ ५.६ किंवा ८. एफ २२ला डिफ्रॅक्शनने सगळाच फोटो मऊ होतो. डिफ्रॅक्शन हा शब्द तो जावयाच्या दारूबद्दल बोलावे तसा दबक्या आवाजात उच्चारतो.

संशोधन रविवारी चालते. सोसायटीची विटांची भिंत, तिच्यावर चिकटवलेले वर्तमानपत्र आणि ट्रायपॉड. छोट्या जाहिरातींचे पान चाचणीला उत्तम, त्यामुळे परिसरातल्या उपवर मुलामुलींची सर्वाधिक माहिती याच्याकडे असते. भिंतीचे फोटो खरोखर अप्रतिम येतात.

भिगवणला फ्लेमिंगो टिपायला गेल्यावर मात्र शास्त्र साथ सोडते. ६०० एमएमची लेन्स हातात, आणि शटर १/१२५ला. निदान १/६०० हवे, हे इतरांना त्यानेच शिकवलेले असते. त्यात दहा वाजून गेलेले, पाण्यावरची तापलेली हवा थरथरते आहे. तिच्यापुढे कोणतीही काच चालत नाही. घरी आल्यावर दोष लेन्सच्या ‘कॉपी’वर जातो. भिंग तिरके बसलेल्या कॉपी निघतात हेही खरेच, म्हणून इथेही वाद घालता येत नाही. त्यातला बरा फोटो तो व्हॉट्सॲपवर टाकतो, जिथे तो आकसून जेमतेम दोन मेगापिक्सेलचा होतो. आत्या विचारते, “बगळे का रे हे?”

पावसाळ्यात सह्याद्री हिरवा होतो तेव्हा लेन्स ड्राय कॅबिनेटमध्ये, ४५ टक्के आर्द्रतेत असते. बाहेर काढली तर फंगस धरेल. दिवाळीच्या सुमाराला तिची नवी आवृत्ती बाजारात येते आणि जुनी विक्रीला निघते. जाहिरातीत लिहिलेले असते : बॉक्स आणि बिल आहे, फंगस नाही, वापर फार झालेला नाही. यातले एकही विधान खोटे नसते.