मन्याचे प्रताप आणि भदोहीचा गालिचा

अहो, या ना जरा भिंतीजवळ. हळू बोलते, निळ्या गेटवाल्यांची खिडकी उघडी आहे. ऐकलंत का? गालिच्याचं तर तुम्हाला माहीतच आहे म्हणा, अख्ख्या गल्लीला माहीत आहे. त्या निळ्या गेटवाल्या काकूंनी काशीयात्रेहून येताना गंगाजलाच्या गडूबरोबर आणला तो, भदोहीचा. आणि मग महिनाभर आल्यागेल्याला एकच, "हातानं विणलाय हो, अस्सल लोकर! आपल्या बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालं ना, यांना २०१० मध्येच मिळालंय." मी म्हटलं, सीताफळ निदान खाता तरी येतं! मनातच म्हटलं हो.

तर काय सांगत होते... हां, मन्या. त्यांचा तो पिवळा बोका. लहान होता तेव्हा बाहेर ओट्यावरच असायचा. पण मग लवूळचं ते झालं ना, माजलगावकडचं, २०२१ च्या डिसेंबरात? वानरं कुत्र्याची पिल्लं उचलून झाडावर नेत होती ते? शेवटी वन खात्यानं दोन वानरं धरून नेली तेव्हा कुठं सगळे निवांत झाले. माझ्या पुण्याच्या नणंदेचा मुद्दाम फोन, "अगं, तुमच्या बीडला चाललंय तरी काय?" तेव्हा काकूंच्या सासूबाईंनी, आजींनी, असा धसका घेतला की मन्याला उचलून घरात घेतलं, तो आजतागायत घरातच. लवूळ कुठं आणि आपण कुठं! पण आजींपुढं बोलायची कुणाची टाप आहे?

बरं, परवाच्या रविवारी काकूंच्या धाकट्यासाठी मुलीकडचे घर बघायला आले होते, गेवराईचे. म्हणून हॉलमध्ये गालिचा अंथरला. एरवी गुंडाळून सोफ्यामागं उभा असतो, आणि मन्याला तीच जागा पसंत. आता कळलं ना? अंथरल्यावर जो काही वास सुटला म्हणता... काकूंनी उदबत्ती लावली. एक नाही हो, अख्खा पुडा. चंदन आणि बोका एकत्र! मुलीची आत्या पदर नाकाशी धरून अगदी मायेनं विचारते, "घरात कुणी आजारी आहे का हो?" काकूंचा चेहरा असा उतरला की बँकवाल्या वहिनी म्हणाल्या, मला बघवेना. बघवेना म्हणे, आणि सगळं बघून आल्या!

पाहुणे गेटबाहेर पडले आणि लगेच बादलीभर कढत पाणी, कपड्याचा ब्रश, आणि वरून फिनेल. भांडीवाल्या मावशी ओरडतायत, "आवो वैनी, घासू नका, घासल्यानं आत जातंय. वरून दाबा नुसतं." मावशींचं कोण ऐकतं? ओल निघावी म्हणून वर पेपर पसरले, तर पेपराची शाई क्रीम रंगावर उमटली. आता कोपऱ्यात अर्धी बातमी उलटी छापलेली आहे. वाचता येते, मी वाचली.

मंगळवारी आमचा परभणीचा पुतण्या आला, व्हेटर्नरी कॉलेजातला. फिनेलचा वास आला तसा आधी बोका कुठाय ते बघायला लागला. म्हणे, मांजराच्या लिव्हरला फिनेल पचत नाही. गालिच्यावर चालणार, पंजे चाटणार, म्हणजे पोटात गेलंच. आजींनी छातीला हात लावला. सुनेकडे असं बघितलं की बाई गं! काकू म्हणाल्या, "मग ब्लीचिंग पावडर टाकू का, टाकीत टाकतो ती?" हा उठूनच उभा राहिला. युरिया सडून त्याचा अमोनिया झालेला असतो आणि अमोनियावर ब्लीच पडलं की विषारी वाफ सुटते, डोळ्याला, छातीला लागते म्हणे. शिवाय लोकरीचा रंग उडणार तो वेगळाच.

आणि वास एवढा उग्र का, तर बोक्याच्या मुतात फेलिनीन का काय ते असतं, गंधकाचं. न कापलेल्या बोक्यात फार. हे त्यानं काकूंच्या तोंडावर सांगितलं हो, आजींसमोर, "न कापलेला"! तिथं काकूंची लेक बसलेली, सातवा लागलाय तिला, बाळंतपणाला आलीय. ती बिचारी सोफ्यामागची घाण कागदावर भरायला वाकली, तर यानं हातातून कागदच ओढून घेतला. मांजराच्या शीतून एक जंतू येतो, टोक्सोप्लाझ्मा, पोटातल्या बाळाला वाईट. ताजी असली तर चोवीस तास तरी त्याचा धोका नसतो म्हणे, म्हणून रोजच्या रोज काढायची, हातमोजे घालून, पण गरोदर बाईनं शिवायचं नाही. लेकीचं तोंड एवढंस्सं झालं. आठवडाभर कोण काढत होतं, ते कुणी विचारलं नाही.

पण खरी मजा पुढंच! पुतण्या म्हणाला, डाग कुठं कुठं आहेत ते आधी शोधू. बँकवाल्या वहिनींकडे नोटा तपासायची जांभळी टॉर्च आहे ना, ती मागवली. खिडक्या लावल्या, पडदे ओढले, लाइट घालवले. अंधारात आम्ही सात जणी आणि तो एकटा. टॉर्च लावली आणि काय सांगू! गालिचा तर जागोजाग पिवळट चमकतच होता, पण सोफ्याचा पाय, पडद्याची झालर, आणि... देवघराचा कोपरा. आजी खाली बसल्याच. मग तो म्हणाला, थांबा, देवघराचं आहे ती हळद, हळदसुद्धा चमकते. ते निळं दिसतंय ते कपड्याच्या पावडरीचं. आजी उठल्या. असं तीनदा झालं, उठल्या आणि बसल्या.

आणि टीव्हीमागं एक भलामोठा डाग. "हाही मन्याचाच मेला," काकू म्हणाल्या. पुतण्या म्हणतो, टॉर्चला डाग दिसतो, कुणाचा ते दिसत नाही. तेवढ्यात लेकीचा थोरला, चार वर्षांचा, अंधारातून म्हणतो, "आजी, ते माझंय." अहो, हसू आवरेना! आणि लेक तर सकाळीच सांगत होती, आमच्याकडे पुण्याला याला अगदी ट्रेनिंग दिलंय म्हणून.

तर काय सांगत होते... उपाय. मावशींचंच खरं निघालं बघा! जुन्या धोतराची घडी घालायची, वर उभं राहायचं, ओल वर येईपर्यंत. मग गार पाण्याचा हबका आणि पुन्हा दाबायचं. कढत पाणी नाहीच. ऑनलाइन ते एन्झाइमचं औषध मिळतं, सुती सतरंजीला, नायलॉनला उत्तम, पण लोकर म्हणजे प्रथिनच की, त्यातलं काही एन्झाइम लोकरच खातं. सोडाही नको. चायनीजच्या गाडीवर असतं ते पांढरं व्हिनेगर, तेवढंच पाणी घालून, आधी कोपऱ्यात रंग जातो का बघून. मागून रिठ्याचं पाणी, शालीला वापरतो तसं, अगदी बेतानं. आणि हो, गालिचा उचलून बाजेवर टाकायचा आधी. व्हिनेगर खाली झिरपलं तर शहाबादीची झिलई जाते, चुनखडीचाच दगड तो. त्यांच्या फरशीनंही मूत प्यायलंय ते वेगळंच, पावसाळी हवेत पुन्हा वास येईल म्हणाला.

एवढं सगळं करायचं म्हणजे पाणी आलं! माजलगावचं धरण भरो नाहीतर सांडो, आपला नळ कधी येतो ते तुम्हाला मी काय सांगू? काकूंनी बँकवाल्यांकडे दोन हंडे मागितले. वहिनी म्हणाल्या, "अहो, आमची मोटर जळलीय." आणि त्याच वेळी मागं बोअरची मोटर चालू, घर्रर्र... दोघीही ऐकतायत, दोघीही बोलत नाहीत. मी तिथंच उभी होते. मग काय, अर्धा टँकर मागवला. भदोहीच्या गालिच्याला बीडमध्ये टँकर!

आता राहिला मन्या. नुसता गालिचा धुऊन काय उपयोग, तो पुन्हा तिथंच जाणार. आधी लघवीची तपासणी करा म्हणाला, बोक्याला मुतखडा असला तर मूत अडतं आणि दिवसादोनदिवसात जिवावर बेततं. ते नसलं तर कापायचं ऑपरेशन. दहातले नऊ बोके मग मूत उडवायचे थांबतात म्हणे. आजी म्हणतात पाप लागेल. काकू म्हणतात गेवराईचं स्थळ गेलं ते काय मग? दोन दिवस घरात अबोला आहे, मन्या तेवढा सगळ्यांच्या मांडीवर.

शनिवारी नेणार म्हणे जनावरांच्या दवाखान्यात. रिक्षावाला बोका घेईना, म्हणून काल संध्याकाळपासून काकू येताजाता आमच्या गाडीची चौकशी करतायत. "सीटकव्हर नवं घातलंत वाटतं? छान आहे हो." मी यांना सांगून ठेवलंय, कुणी विचारलं तर क्लच गेलाय म्हणायचं. तुमची स्कूटी आहे ना चालू? नाही, सहज विचारलं.