'लिटरली'ची झीज

इंग्रजी बोलणारा माणूस हल्ली हसून हसून 'लिटरली' मरतो आणि पुढच्याच वाक्यात कॉफी मागवतो. शब्दाचा अर्थ 'अक्षरशः', म्हणजे खरं तर तिरडीच बांधायला हवी. शुद्धतावादी याचं खापर मोबाइलवाल्या पिढीवर फोडतात. पण आरोपी बरेच जुने आहेत. फ्रान्सिस ब्रूकने १७६९च्या कादंबरीत हा शब्द असाच वापरला, मार्क ट्वेनचा टॉम सॉयर १८७६मध्ये संपत्तीत 'लिटरली' लोळला. ऑक्सफर्ड कोशाने हा अर्थ नोंदवला, तो पंचनाम्यासारखा, उशिरा.

कोणी म्हणेल, 'व्हेरी'ही मुळात 'खरा' याच अर्थाचा. झिजून नुसता 'फार' उरला, तरी कुणाचं काय अडलं? अडलं नाही, कारण बदली कामगार हजर होते. 'रिअली' आला, तोही झिजला. मग 'लिटरली'ला जुंपलं. अतिशयोक्तीला साक्षीदार लागतो आणि ती नेमका सर्वांत प्रामाणिक शब्द पकडून त्याला खोटी साक्ष द्यायला लावते. आपला 'अक्षरशः' त्याच वाटेवर आहे. अपवाद एकच, पावसाळ्यात रस्त्यांची अक्षरशः चाळण होते तेव्हा कोशकारालाही हरकत घेता येत नाही.