नाणी कुठं गेली, ते तुम्हीच सांगा

हळर्णच्या किल्ल्यावर मेटल डिटेक्टर फिरवणारे गृहस्थ,

पत्राच्या माथ्यावर स. न. वि. वि. लिहायची आपल्याकडे रीत आहे. ती मी मुद्दाम मोडतो आहे, कारण नमस्कार करावा असं तुमच्या हातून काही घडलेलं नाही. तुमचं नाव मी घेत नाही. ते न घेताही हे पत्र कोणाला आहे, हे तुम्हाला पहिल्या ओळीलाच कळलं असेल.

तुमची तक्रार गावभर झाली आहे. हळर्णला आता काही लागत नाही, पूर्वी मशीन तासाभरात वाजायचं, हल्ली कितीही फिरवलं तरी गंजके खिळे आणि बाटल्यांची बुचं निघतात, असं तुम्ही चहा पिता पिता चारचौघांत सांगता. गाव तुमचं देणं लागतं आणि ते थकलं आहे, असा तुमचा सूर असतो. प्रश्न चारचौघांत विचारलात, तर उत्तरही चारचौघांत घ्या.

पहिलं उत्तर दोन शब्दांचं आहे: तुम्ही नेलीत. काजूला दरसाल बोंडू धरतो, तसं तटाच्या पायथ्याशी दरसाल नाणं धरत नाही. ते एकदाच पडलं आणि एकदाच निघालं. तुम्ही आणि तुमच्यासारखे इतर हंगामामागून हंगाम तीच जागा चाळत राहिलात. मग आज मशीन गप्प बसलं, तर त्यात नवल कसलं?

पण तेवढ्यावर हे पत्र आटोपत नाही. नाणी गेली याहून मोठं नुकसान तुम्ही केलं आहे आणि ते तुमच्या गावीही नाही.

हळर्णचा किल्ला आकारानं लहान. शापोरा नदीच्या काठी चिऱ्याची तटबंदी, भोवती खंदक. सावंतवाडीच्या भोसल्यांनी तो सतराव्या शतकात बांधला. १७४६ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय, कास्तेलो नोव्होचा मार्क्विस, यानं तो जिंकून घेतला. त्या विजयाचा मान म्हणून लिस्बनच्या दरबारानं त्याला 'आलोर्नाचा मार्क्विस' ही पदवी दिली. आलोर्ना म्हणजे आपलं हळर्ण. त्याची नात पुढं मोठी कवयित्री झाली आणि पोर्तुगीज वाङ्मयात ती आजही 'आलोर्नाची मार्क्विसा' याच नावानं ओळखली जाते. पेडण्यातल्या नदीकाठच्या एका गावाचं नाव असं दूर जाऊन बसलं आहे. आपल्याकडे मात्र किल्ला भोसले आणि पोर्तुगीज यांच्यात हात बदलत राहिला आणि १७८८ मध्ये अख्खा पेडणे महाल पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला.

या सगळ्याची कागदपत्रं कोणाकडं आहेत? जिंकणाऱ्यांकडं. व्हाइसरॉयनं लिहिलं, त्याच्या कारकुनांनी लिहिलं, ते दप्तरांत जपलं गेलं. बुरुजावर रात्रीची गस्त घालणाऱ्या भोसल्यांच्या शिबंदीतल्या शिपायानं काही लिहून ठेवलेलं नाही. त्याला पगार कोणाच्या नाण्यात मिळत होता? शिवराई चालत होती, की नदीपलीकडचा पोर्तुगीजांचा बझारूक सर्रास घेतला जात होता? एकमेकांशी लढणाऱ्या दोन राज्यांचे लोक बाजारात एकमेकांचा पैसा घेत होते का? याची साक्ष देणारी एकच वस्तू त्या शिपायानं मागं ठेवली. कमरेच्या कशातून निसटलेलं तांब्याचं नाणं. तेही ज्या थरात पडलं त्या थरात राहिलं तरच बोलतं. कुठल्या बुरुजाखाली, किती खोल, राखेच्या वर की खाली, सोबत कुठलं खापर, हे माहीत असेल तर एका नाण्यावरून किल्ल्याची दहा वर्षं वाचता येतात. तुमच्या डब्यात पडलेलं नाणं फार तर वजन सांगेल.

तुमचं काम मी जवळून पाहिलं आहे. पावसाआधी तटाच्या आतल्या अंगाला एक ताजा खड्डा होता. हातभर रुंद, कोपरभर खोल, कडेला कुदळीच्या पात्याचे वण. शेजारच्या ढिगात मडक्याची खापरं होती, दोन तांबडी, एक काळं, आणि एकावर गळ्यालगत बोटानं ओढलेली नागमोडी रेघ. कोळशाचे तुकडे होते. एक हाडही होतं. लोखंडी खिळा तुम्ही हातात घेऊन वैतागानं भिरकावला असणार, कारण तो ढिगापासून लांब पडला होता. पुरातत्त्वज्ञाला जे हवं असतं ते सगळं तुम्ही बाहेर काढून टाकून दिलंत. त्या कोळशावरून काळ ठरवता आला असता, खापरांवरून थर लावता आला असता. आता वरची माती खाली आणि खालची वर झाली आहे आणि जगातला कोणीही तज्ज्ञ ती परत लावू शकत नाही.

याला तुम्ही छंद म्हणता. छंदाला रात्र कशाला लागते? किल्ला राज्याच्या संरक्षित स्मारकांत आहे. गोव्याचा प्राचीन स्मारकांविषयीचा कायदा १९७८ चा आहे. हे ठाऊक नसतं, तर तुम्ही दिवसाढवळ्या आला असतात.

मशीनबद्दलही थोडं बोलू, कारण तुमचा सगळा राग त्याच्यावर आहे. डिटेक्टर जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडतो, धातूत त्यामुळं वीज खेळते आणि तिचा प्रतिसाद वर ऐकू येतो. पण आपली भुई कसली आहे? तांबडा जांभा, लोखंडाच्या ऑक्साइडनं भरलेला. पलीकडं डिचोलीत याच पट्ट्यातलं लोहखनिज खणून बोटी भरल्या गेल्या. अशा भुईत जमीनच मशीनशी बोलत असते. ती गडबड गाळायला गेलं की खोलवरचं बारीक नाणंही गाळलं जातं. छंदाच्या मशीनची धाव मुळात वीतभर, फार तर थोडी अधिक. त्यात वर्षाला सुमारे ३००० मिलीमीटर पाऊस आणि आम्लधर्मी माती. तांबं तिच्यात हिरवं होऊन झिजतं. बझारूक तर तांब्याप्रमाणं कथील आणि जस्ताच्या मिश्रणाचेही पाडले जात, त्यांचा भुगा व्हायला किती वेळ लागणार? म्हणजे जी नाणी तुमच्या मशीनच्या टप्प्यात होती ती तुम्ही उचललीत, जी टप्प्याबाहेर आहेत त्यांतली काही माती खाते आहे आणि उरलेली तज्ज्ञांची वाट पाहताहेत. त्या उरलेल्यांसाठीच हे पत्र.

मुळात या मुलखात नाणं कमीच होतं, हेही तुम्हाला कोणी सांगितलेलं दिसत नाही. मजुरी भातात दिली जायची, खंड भातात मोजला जायचा. हाती आलेलं तांब्याचं नाणं जुनं झालं की तांबटाकडं जाऊन त्याचं भांडं व्हायचं, चांदीचं सोनाराकडं. तुमच्या स्वप्नात गोव्याच्या कदंबांची सोन्याची नाणी असतात हे मला ठाऊक आहे. सिंह कोरलेली, सप्तकोटीश्वराचं नाव घेतलेली. त्याच देवाचं देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये डिचोली महालातल्या नार्वेला बांधवून घेतलं. कदंब राजा, बाटाबाटीच्या काळात मोडलेलं आधीचं देऊळ आणि छत्रपती यांना जोडणारा धागा त्या इवल्याशा सोन्यावर आहे. तसलं नाणं तुमच्या हाती लागलंच, तर तुम्ही आधी काय कराल? काट्यावर टाकाल.

किल्ल्यावर काही मिळेना म्हणून तुम्ही मोरजी-हरमलच्या वाळूत जायला लागलात, असंही ऐकलं. तिथं जा, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तिथंही निराशाच आहे आणि तिचं कारण साधं आहे. माणसं आता शहाळ्याचे पैसेसुद्धा फोननं देतात, खिशात चिल्लर नसते. जी असते तिच्यातलं रुपयाचं नाणं १९९२ पासून लोखंड आणि क्रोमियमच्या पोलादाचं आहे. लोखंड वगळायला लावलेलं तुमचं मशीन त्याला ओळखही देत नाही.

आता नानोड्याची गोष्ट ऐका. फार लांबची नाही, सत्तरीतली आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये नानोडा-बांबर इथं एका शेतकऱ्याला काजूच्या बागेत खणताना मडकं लागलं. आत ८३२ तांब्याची नाणी. त्या माणसाकडं मशीन नव्हतं, नाण्यांचा अभ्यास नव्हता. त्यानं ती सरकारला दाखवली. ती पुरातत्त्व खात्याच्या हाती गेली आणि पोर्तुगीज काळातली असावीत असा प्राथमिक अंदाज निघाला. मडकं, जागा, सगळी नाणी एकत्र, हे हाती असल्यामुळं आता अभ्यास होऊ शकतो. ही नाणी कोणी पुरली, लढाईच्या धास्तीनं की व्यापारासाठी, हा प्रश्न तरी विचारता येतो. एवढी वर्षं मशीन फिरवून तुम्ही गोव्याच्या इतिहासात एका ओळीची भर घातलेली नाही. त्या शेतकऱ्यानं कुदळीच्या एका घावात घातली.

तुम्हाला पैसे हवेत, हेही मी धरून चालतो. मग कायदा तरी वाचायचा होता. १८७८ चा निधीविषयक कायदा सांगतो की दहा रुपयांहून अधिक किमतीचं पुरलेलं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. काय सापडलं, कुठं, कोणत्या दिवशी. धनावर कोणाचा हक्क शाबीत झाला नाही आणि जमिनीच्या मालकाशी वेगळा करार नसला, तर सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि मालकाला एक चतुर्थांश मिळतो. सरकारला ते ठेवायचं असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश देऊन ते घेता येतं. कळवलं नाही, तर वाटा जातो आणि वर्षभराच्या कैदेची तरतूद आहे. इंग्रजी अमलातल्या या जुन्या कायद्यानंसुद्धा सापडणाऱ्याचा विचार केलेला आहे. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं, ते कोणालाही खासगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाही. आणि जुन्या नाण्याला लाखो रुपये देतो म्हणणाऱ्या जाहिरातींवर भिस्त ठेवून असाल, तर रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्येच तिच्या नावानं चालणाऱ्या या फसवणुकीबद्दल लोकांना सावध केलं आहे.

हा रोग एकट्या हळर्णचा नाही. मार्च २०२५ मध्ये 'छावा' सिनेमानंतर बऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या पायथ्याशी माणसं रात्री बॅटऱ्या आणि मशीनं घेऊन शेतं खणत बसली होती. मोगलांचं सोनं आहे, ही आवई त्यांना पुरली. पिकणारी जमीन खड्ड्यांनी भरली. संभाजी महाराजांचा छळ पाहून डोळे पुसणारी माणसं घरी जाऊन त्या काळाची उरलीसुरली खूण विकायला उकरतात, हे मला समजत नाही. तुम्हीही गडकोटांवरचं प्रेम बोलून दाखवता. ज्या किल्ल्यावर प्रेम आहे त्याचं पोट फाडत नाहीत.

इंग्लंडात तुमच्या छंदाला मुभा आहे आणि सापडलेल्या वस्तूंची नोंद करायची व्यवस्था १९९७ पासून चालू आहे. तरी तिथंही तुमचे भाऊबंद निघाले. २०१५ मध्ये हेरफर्डशरमध्ये दोघांना व्हायकिंग काळातला ठेवा लागला. सुमारे ३०० नाणी असावीत असा अंदाज आहे. त्यांनी कळवलं नाही, परस्पर विकायला काढली. जी थोडी हाती आली त्यांतल्या काहींवर वेसेक्सचा आल्फ्रेड आणि मर्सियाचा राजा शेजारी शेजारी बसलेले दिसले. ज्या मर्सियाच्या राजाला बखरकारांनी कस्पटासमान लेखलं होतं, तो बरोबरीचा मित्र होता, हे त्या नाण्यांनी सांगितलं. बाकीची बहुतेक नाणी आजवर मिळालेली नाहीत. २०१९ मध्ये दोघांना लांब मुदतीची कैद झाली. हळर्णच्या मातीत भोसल्यांबद्दल असं काय होतं, जे तुम्ही उचलून कोणाच्या तरी शोकेसमध्ये पाठवलंत? ते आता तुम्हीही सांगू शकणार नाही, कारण काढताना तुम्ही बघितलंच नाही.

आता करायचं ते सांगतो. घरात जी नाणी असतील ती चिंचेनं, लिंबानं, राखेनं घासू नका. हिरवा थर उतरला की अक्षरंही उतरतात. एकेक नाणं वेगळ्या कागदात ठेवा. कागदावर लिहा: कुठला बुरूज, तटापासून किती पावलं, किती खोल, सोबत काय होतं, साल कोणतं. आठवत नसेल तिथं 'आठवत नाही' असं लिहा, अंदाज ठोकू नका. जी विकली ती कोणाला विकली, तेही लिहा. मग सगळं घेऊन पणजीला जिल्हाधिकारी कचेरीत जा, किंवा पुरातत्त्व खात्यात जा. भीती वाटत असेल तर सोबत वकील न्या. मशीन किल्ल्यावर पुन्हा आणू नका.

या पत्राला उत्तर नको. तुमची यादी पणजीला पोचली, एवढं कानावर आलं की पुरे.

एक हळर्णकर