टेलला पोचतं का?

निवृत्त पाटबंधारे अभियंता प्रत्येकाच्या नात्यात एक तरी असतोच. तुमच्या नसेल, तर तुमच्या लेकीचं लग्न अजून व्हायचं असेल.

आमचे व्याहीबुवा तीस वर्षं कालव्यावर होते. कुठल्या ते सांगत नाही, नातं टिकवायचं आहे. लग्नाच्या पंगतीत मी हात जोडून "सावकाश होऊ द्या" म्हणत फिरत होतो आणि मुलाचा बाप असलेला हा गृहस्थ भरल्या ताटावरून उठून शेवटच्या ओळीकडे निघाला. तिथे वाढप्याला अडवून म्हणाला, "जिलबी टेलला पोचतेय का?" टेल म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक, तिथल्या शेतकऱ्याला पाणी मिळालं तरच आवर्तन खरं, हे मला नंतर समजावण्यात आलं. तेव्हापासून चहा असो, पेढे असोत, पंख्याचा वारा असो, प्रश्न एकच. बारशाला त्यांनी वायफायबद्दलही विचारला.

लेक-जावई मँचेस्टरला असतात. गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोन्हीकडचे तिथे जमलो, तेव्हा जावईबापूंनी आठवडाभरासाठी नॅरोबोट भाड्याने घेतली. चेशरमधल्या हर्ल्स्टनपासून वेल्समधल्या लँगॉलेनपर्यंत कालव्याने जायचं आणि परत यायचं.

"कालव्यावर सुट्टी?" व्याही म्हणाले. "मला तीस वर्षांत कालव्यावरून सुट्टी मिळाली नाही!"

नॅरोबोट म्हणजे चाळीचा व्हरांडा पाण्यात सोडलेला. आमची साठ फूट लांब आणि ६ फूट १० इंच रुंद होती, कारण इथली लॉकंच ७ फुटांची. समोरून विहीणबाई आल्या की मी बाकावर चढून त्यांना वाट द्यायची. वेगमर्यादा ताशी ४ मैल. काठाला बांधलेल्या बोटीशेजारून जाताना त्याहूनही कमी. बदकं आम्हाला ओलांडून पुढे जात आणि मग थांबून, काही अडचण आहे का, असं वळून बघत.

सुकाणूचा दांडा उजवीकडे ढकलला की बोट डावीकडे जाते. हे शिकायला मला दोन दिवस आणि एक झुडूप लागलं. व्याह्यांना दोन मिनिटं लागली. "खात्यात असंच असतं," ते म्हणाले. "फाइल डावीकडे जायला हवी असेल तर उजवीकडे ढकलायची."

पण त्यांचा जीव अडकला होता बोटीच्या पाण्याच्या टाकीत. पहिल्याच संध्याकाळी फ्रिजवर अंघोळीची शेजपाळी चिकटली. टेलकडून हेडकडे, म्हणजे मागच्या खोलीतले लेक-जावई आधी, मग नात, मग आमची मंडळी, मग मी. स्वतः ते पाचांनंतर आणि सगळ्यात शेवटी विहीणबाई. "घरचं माणूस शेवटी," ते म्हणाले. "नाहीतर लोक बोलतात." कुठले लोक, ते विचारायचं धाडस मी केलं नाही. पाणीमागणीचा नमुना नंबर ७ भरून घेतला नाही, एवढीच मेहरबानी.

ग्रिन्डली ब्रुकला एकाला एक चिकटलेली तीन लॉकं आहेत, जिन्यासारखी. लॉक म्हणजे दोन्हीकडे दारं असलेला दगडी हौद. बोट आत घ्यायची, दार लावायचं आणि लोखंडी हँडलने झडपा उघडून पाणी चढवायचं की बोट लिफ्टसारखी वर येते. एका खेपेला सुमारे लाखभर लिटर पाणी लागतं. हा आकडा ऐकून व्याह्यांचा चेहरा उतरला. लाख लिटर, सात माणसं आणि एका बदकासाठी! तिथल्या लॉककीपरला गाठून त्यांनी आपल्या इंग्रजीत खडसावलं, "डज इट रीच द टेल?" त्या भल्या माणसाने आधी आपल्या कुत्र्याच्या शेपटीकडे पाहिलं.

मग मात्र दोघांचं जमलं. आपल्याकडचा जुना पाटकरी आणि हा लॉककीपर यांत टोपीचाच फरक. कळलं ते असं: १९४४ साली पार्लमेंटने कायदा करून या कालव्यावरची वाहतूक बंदच केली होती. तरी तो बुजवला नाही, कारण लँगॉलेनच्या वरच्या अंगाला, डी नदीवरच्या हॉर्सशू फॉल्सच्या बंधाऱ्यातून आत येणारं पाणी खाली चेशरला लागायचं. आजही दिवसाला १.२ कोटी गॅलनपर्यंत पाणी याच कालव्याने हर्ल्स्टनच्या तलावात जातं आणि तिथून लोकांच्या नळाला. व्याह्यांनी बिस्किटाच्या पुड्यावर भागाकार केला. "बावीस क्युसेक," ते हळूच म्हणाले. "फक्त बावीस. आणि वर्षभर!" त्या दिवसापासून कालव्याचा उल्लेख 'आपला' असा होऊ लागला.

वेल्समध्ये शिरल्यावर पाँटकसुल्टेचा जलसेतू लागतो. टेलफर्ड आणि जेसप यांनी बांधलेला, १८०५ साली खुला झालेला. नदीपासून ३८ मीटर उंचावरून ३०७ मीटर लांबीची ओतीव लोखंडाची पन्हळ, आणि तिच्यातून आपण. एका बाजूला पायवाट आणि कठडा. दुसऱ्या बाजूला काहीच नाही, वीतभर लोखंडी कड आणि मग थेट वेल्स. विहीणबाईंनी रामरक्षा सुरू केली. मी डोळे मिटले. व्याही त्या कडेवरून वाकून सांधे तपासत होते. फ्लॅनेलचं कापड आणि शिसं घालून बसवलेले सांधे, दोनशे वर्षं झाली. "गळती नाही," ते म्हणाले. कौतुक नव्हतं ते. कुणीतरी आपलं पितळ उघडं पाडावं, तसा आवाज होता.

त्या रात्री बोट काठाला बांधल्यावर ते बराच वेळ बाहेर बसले होते. मी चहा घेऊन गेलो. त्यांच्या टेलला एक म्हातारा शेतकरी होता, ते सांगू लागले. प्रत्येक आवर्तनाला ऑफिसात येऊन बाकावर बसायचा. भांडायचा नाही, अर्ज द्यायचा नाही, नुसता बसायचा. अकरा वर्षांत त्याच्या शेतात पाणी गेलं तीनदा. वर ऊस, मध्ये मोटारी, आणि कुणाच्या मोटारी ते बोलायची सोय नाही. व्याही निवृत्त झाले त्या दिवशी तो निरोप समारंभाला आला, पायलीभर बाजरी घेऊन.

"कोरडवाहू," व्याही म्हणाले. "टोमणा नव्हता हो त्यात. त्याच्याकडे तीच होती."

मग त्यांनी चहाचा कप हातात घेतला आणि विचारलं, "आत सगळ्यांना पोचला?" या खेपेला मला हसू आलं नाही. पोचला म्हणून सांगितलं, तरी उठून बघून आलेच.

परतीच्या शेवटच्या सकाळी हर्ल्स्टनच्या वरच्या लॉकशी थांबलो. जाताना तो तलाव आम्ही कोणी पाहिलाच नव्हता. एक तर तो बांधाआड, आणि व्याही तेव्हा टाकीचे लिटर मोजत होते. आता ते एकटेच बांधावर चढले. मीही धापा टाकत मागे गेलो. समोर पसरलेलं शांत, राखाडी पाणी. ते मागे हात बांधून उभे राहिले, साइटवर इन्स्पेक्शनला उभे राहावं तसे. नऊच्या आत बोट परत द्यायची होती, खालून जावईबापू घड्याळ दाखवत होते.

"पोचतं," व्याही म्हणाले.

एवढ्यात बोटीच्या मागच्या खिडकीतून विहीणबाईंचा आवाज आला.

"अहो! टाकी संपली! डोक्याला साबण आहे माझ्या!"