सरांच्या कपाटात पाय सापडला

अहो, पाय! एकच, डावा. वीतभर लांब, गुडघ्यात व्यवस्थित वाकणारा. परभणीत, जिंतूर रोडवरच्या एका सुशिक्षित, चारचौघांत मान असलेल्या घरात, मुलगी बारावीला असलेल्या गृहस्थांच्या कपाटात, इस्त्रीच्या शर्टांखाली. नाव आम्ही घेणार नाही. घ्यायची गरजही उरलेली नाही, दुपारपर्यंत बातमी नानलपेठेत पोचली होती. वहिनींनी विचारलं, "हा कुणाचा?" सर शांतपणे म्हणाले, "गॅलॅक्टसचा."

हा गॅलॅक्टस म्हणजे ग्रह खाऊन जगणारा, मार्व्हलच्या गोष्टींतला महाकाय प्राणी. २००५ साली टॉय बिझ या अमेरिकी कंपनीनं शक्कल लढवली, की याला अख्खा विकायचाच नाही. दुसऱ्याच वीरांच्या खोक्यांत याचा एकेक अवयव टाकायचा. एकात हात, एकात पाय. सगळी खोकी घ्या आणि घरी बसून जोडा! पुढं मार्व्हलची खेळणी हॅस्ब्रो कंपनीकडं गेली, तरी ही रीत काही सुटली नाही. भिशी यापेक्षा बरी, शेवटी पूर्ण रक्कम तरी हातात पडते. सरांच्या हाती पाय पडला. बाकीचा गॅलॅक्टस कोणाकोणाच्या कपाटात आहे, ते त्यांच्या त्यांच्या वहिनींना ठाऊक.

आणि पाय हे तर नुसतं निमित्त झालं. शोध सुरू झाल्यावर खालच्या खणातून डबा निघाला. इलेक्ट्रिशियन लोक स्क्रू ठेवतात तसला, कप्प्याकप्प्यांचा. कप्प्यांवर सरांच्या सुवाच्य अक्षरात चिठ्ठ्या: उजवे हात. डावे हात. मुंडकी. बंदुका. पाठीवरच्या पिशव्या. शेवटच्या कप्प्यावर 'ओळख पटलेली नाही'. वहिनींचा पारा चढला तो इथं. "माझ्या एका डब्याला धड झाकण सापडत नाही या घरात, आन् ह्यांचे हातपाय बघा कसे लावून ठेवलेत!"

संग्रह म्हणजे काचेच्या कपाटात उभे केलेले रुबाबदार वीर, अशी तुमची समजूत असेल तर ती सोडा. ते पाहुण्यांसाठी. खरं व्यसन त्या डब्यात असतं.

याचं मूळ सरांच्या शाळकरी वयात आहे. एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांनी मिळून १९८७ मध्ये फनस्कूल ही खेळण्यांची कंपनी काढली. तिचा कारखाना गोव्यात, आणि जी. आय. जो नावाचे बोटभर उंचीचे कमांडो तिनं भारतात विकले. अमेरिकेतल्या मूळ सैनिकाला एक रंग, तर आपल्याकडच्याला भलताच. तेव्हा आपण ते निमूट घेतले. आता त्याच भलत्या रंगांसाठी अमेरिकेतले संग्राहक आपल्याकडच्या माळ्यांवर डोळा ठेवून आहेत. जगात जर्मनी, भारतात परभणी, हे आम्ही उगाच म्हणत नाही.

या कमांडोची शरीररचना मात्र ऐकण्यासारखी आहे. पाठीत एक स्क्रू. तो काढला की छाती-पाठ वेगळी होते आणि आत दिसतं एक काळं रबरी कडं. पायांमधल्या आकड्यात अडकवलेल्या या एवढ्याशा कड्यावर कंबर तोललेली असते. परभणीचा उन्हाळा आणि पंचवीस-तीस वर्षं, एवढं कोणतं रबर सोसणार? एके दिवशी कडं तुटतं, धड सोफ्यावर राहतं आणि पाय सोफ्याखाली जातात.

मग सर मोटारपंप दुरुस्तीच्या दुकानात जातात. ओ-रिंगांचा डबा समोर घेऊन एकेक रिंग बोटानं ताणून बघतात. दुकानदार बिचारा शेतकऱ्यांच्या गर्दीतून विचारतो, "सर, कोणत्या मोटारीला लागायली?" सर काय सांगणार? दहा घेतात. एक बसते, नऊ डब्यात जातात.

कड्यावर इलाज आहे, अंगठ्यावर नाही. बंदुकीची मूठ जाड, कमांडोचा अंगठा नाजूक. जोरात बंदूक दिली की अंगठा गेलाच. अशांना सरांच्या मंडळीत 'एकलव्य' म्हणतात. सरांकडे एकलव्यांची पलटण आहे.

मंडळी? हो, मंडळी! हा एकट्याचा गुन्हा नाही. स्टेशन रोडवरच्या चहाच्या टपरीवर परवाच एका बँकेतल्या साहेबांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली, सरांनी पाकिटातून टिश्यू काढला. इकडून मुंडकं गेलं, तिकडून दोन हात आले. चहा देणारं पोरगं ट्रे घेऊन उभंच राहिलं.

एवढं साठतं कुठून? सरकारनंही हातभार लावलाय म्हणा. फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरचं आयातशुल्क वीस टक्क्यांवरून साठ झालं, २०२३ मध्ये सत्तर. २०२१ पासून आयएसआयचा शिक्का सक्तीचा. कोरं परदेशी खोकं परवडेना, म्हणून ही मंडळी जुन्या मोडक्या खेळण्यांचा 'लॉट' उचलतात. एका हेल्मेटसाठी अख्खी पिशवी! हेल्मेट कपाटात, पिशवी डब्यात. आणि ज्यांना कोरं परवडतं त्यांचीही सुटका नाही, कारण जपानी बाहुल्यांबरोबर मुठीचे, पंजाचे, पकडीचे असे जादा हात कंपनीच देते.

फेब्रुवारीतल्या उरुसालाही सर नातेवाइकांची पोरं घेऊन जातात. पोरं पाळण्यात, सर खेळण्यांच्या दुकानात. तिथले पाच वीर एकाच साच्यातले, धड तेच, डोकी फक्त वेगळी. त्यांचे सुटे भाग सर 'जोडकामाला' घेतात. यावरून मंडळीत फूट पडलीय. एका गटाला दुसऱ्याचं डोकं बसवणं पाप वाटतं. सरांच्या आईंनी मात्र निकाल दिला, "गणपतीला चाललं, तुमच्या बाहुल्यांना काय झालंय?" आमचंही मत आईंच्याच बाजूनं. डब्यात पडून राहण्यापेक्षा परक्या धडावर का होईना, डोकं ताठ असावं.

आता मुद्द्याचं. १९८२ मध्ये मॅटेल कंपनीनं हीमॅन आणि स्केलेटर हे खेळण्यातले वीर काढले तेव्हा दोघांना अर्धी-अर्धी तलवार दिली होती. दोन्ही जोडल्या की एक पूर्ण. सरांकडे हीमॅनची अर्धी आहे. तेव्हा पाथरी, सेलू, मानवत, गंगाखेड, पूर्णा इथल्या वाचकांनो, दिवाळीला माळा झाडाल तेव्हा भंगारवाल्याला हाक मारण्याआधी जरा बघा. एका बाजूनं सपाट, जांभळी प्लास्टिकची तलवार दिसली तर ती स्केलेटरची. कळवा. फक्त किमतीचं बोलणं वहिनींसमोर नको.